गाण्यावरचा फोटो कोणाचा?

मोबाईलवर गाणं लागलं की पडद्यावर एक चौकोनी चित्र येतं. ते कधी नीट पाहिलंय का? पाहा बरं! राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन चालू आहे आणि चित्र कुठल्यातरी सिनेमाच्या नायकाचं. नाहीतर मेमरी कार्ड भरून देणाऱ्या दुकानाची चक्क जाहिरात! आपल्या वर्ध्यात चार घरचे मोबाईल तपासले तरी असा एखादा नमुना सापडेल.

हे चित्र आलं कुठून, ती गोष्ट मोठी गमतीची आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. तबकडी साध्या कागदी पाकिटात यायची. पाकिटाला मधोमध गोल भोक, त्यातून लेबल वाचायचं. संगीत मोठं असलं की चार-पाच तबकड्या लागत. त्या ठेवायला पाकिटांची जाडजूड वही असे, फोटोंच्या आल्बमसारखी. म्हणून तिचं नाव पडलं आल्बम! वही कधीच गेली, पण मोबाईलमधल्या गाण्यांच्या संचाला आपण अजून आल्बमच म्हणतो.

या वह्या बहुधा अगदी साध्या दिसत. १९४० साली अमेरिकेत ॲलेक्स स्टाईनवाईस या तरुण चित्रकारानं कोलंबिया कंपनीच्या आल्बमसाठी खास चित्र तयार केलं आणि तिथून कव्हर रंगायला लागलं. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली. तिचं कव्हर फूटभर लांब-रुंद. मागच्या बाजूला गायक, कवी, संगीतकार, कधी वादकांचीही नावं. कॅसेटमध्ये तोच मजकूर तळहाताएवढ्या कागदावर आला. मोबाईलवर चित्र नखाएवढं झालं आणि मागची बाजू तर दिसेनाशीच झाली.

मग ही माहिती आता राहते कुठे? एमपीथ्री गाण्याच्या फाईललाच एक चिठ्ठी जोडलेली असते, तिला टॅग म्हणतात. १९९६ साली निघालेल्या पहिल्या चिठ्ठीत जागा होती फक्त १२८ बाइट. चित्राला वावच नाही! १९९८ मध्ये सुधारित चिठ्ठी आली, तेव्हापासून चित्र फाईलच्या पोटात बसायला लागलं.

आता एक कोडं. १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले होते. तिथं कोलंबिया कंपनीनं त्यांचं ईश्वराविषयीचं इंग्रजी भाषण तबकडीवर मुद्रित केलं. ते भाषण तुमच्या संग्रहात आहे. त्याला कोणता फोटो लावाल? वर्ध्याची मुलं पटकन म्हणतील, "बापू कुटीचा!" पण थांबा. गांधीजी सेवाग्रामला राहायला आले १९३६ साली. म्हणजे हे भाषण झालं तेव्हा बापू कुटी नव्हतीच! कुटीचा फोटो लावला तर ऐकणाऱ्याला वाटेल, भाषण इथेच झालं. त्यापेक्षा तबकडीच्या लेबलचा किंवा त्यांच्या लंडनमधल्या मुक्कामाचा फोटो खरा. मिळाला नाही तर चौकोन कोरा राहू द्या. माझ्या मते चुकीच्या फोटोपेक्षा कोरा चौकोन केव्हाही बरा, कारण कोरा दिसला की निदान कोणीतरी विचारतं.

गीतरामायणाचंही तसंच. १९५५ साली ते पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे कितीतरी गायक त्यात गायले. पुढे सगळी गाणी सुधीर फडक्यांच्याच आवाजात तबकड्यांवर आली. दोन्हींवर एकच कव्हर चिकटवलं की गायकांची अदलाबदल झालीच म्हणून समजा. आणि हो, शुद्धलेखन! एका टॅगमध्ये 'गीतरामायण' आणि दुसऱ्यात 'गीत रामायण' लिहिलं, तर मोबाईल त्यांचे दोन वेगळे आल्बम करतो. (मी वहीत लाल खूण करते तेव्हा कुरकुरता ना? मोबाईल तर त्याहून कडक!)

थोडं गणितही करू. गीतरामायणात ५६ गाणी. प्रत्येकात २ एमबीचं चित्र घातलं तर ११२ एमबी नुसत्या चित्रांनाच लागतील. तेच चित्र लहान करून १०० केबीवर आणलं की साडेपाच एमबीच्या आसपास काम भागतं. सहाशे बाय सहाशे ठिपक्यांचं चित्र मोबाईलला पुरतं. कॅसेटचं कव्हर उभट असतं. ते ताणून चौकोनी करू नका, गायकाचे गाल फुगतात! दोन्ही बाजूंना पट्टी सोडा. संगणकावर 'एमपीथ्रीटॅग' नावाच्या प्रोग्रॅममध्ये सगळा आल्बम निवडून एका दमात चित्र लावता येतं. आधी मूळ फाईलींची एक प्रत मात्र बाजूला ठेवा.

पण बाजारात ज्यांचं कव्हर कधी छापलंच गेलं नाही, त्या गाण्यांचं काय? गावच्या भजनी मंडळाची खंजिरी, आजीच्या दळणाच्या ओव्या. हे आवाज मोबाईलमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावानं पडलेले असतात. व्हॉट्सॲपवरून पाठवले की बऱ्याचदा होतं ते नावही बदलतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर टिकतं. यांचं कव्हर तुम्हीच करा. आजीचा, जात्याचा, मंडळ बसतं त्या पाराचा फोटो काढा, नाहीतर चित्र काढून त्याचा फोटो घ्या. टॅगमध्ये शेरा लिहायला वेगळी जागा असते. तिथं गाव, तारीख, कोण गायलं, खंजिरीवर कोण होतं आणि मागून साथ कोणी धरली, ते आजीलाच विचारून लिहा. तिला ती नावं आज तोंडपाठ आहेत.