संशोधन जहाजावर होमस्कूलिंगची पोरं

परवा मुरगाव बंदरात होमस्कूलिंग करणाऱ्या काही मुलांसोबत ‘सिंधु साधना’ पाहिलं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं हे संशोधन जहाज, लांबी ८० मीटर.

मला वाटलेलं, पोरं सुकाणूपाशी रमतील. पण सगळी खिळली सीटीडीपाशी!

सीटीडी म्हणजे पाण्याची खारटता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र. त्याभोवती गोल चौकटीत उभ्या बाटल्या. त्या खाली जातात तेव्हा दोन्ही तोंडं सताड उघडी असतात. हव्या त्या खोलीवर आल्या की जहाजावरून इशारा जातो आणि ताणलेली झाकणं फटकन बंद होतात. पाणी नेमकं त्याच थरातलं मिळतं.

थर इतके महत्त्वाचे का? अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू जवळपास नसलेला पट्टा आहे. वरून कितीही बादल्या भरा, त्याचा पत्ता लागणार नाही.

“आधीच बंद बाटली का सोडत नाही?” एका मुलीचा प्रश्न. (वर्गात असती तर हा विचारायला वेळ मिळाला असता का, शंकाच आहे.) उत्तर: दाब. दर १० मीटरला सुमारे एक वातावरण इतका तो वाढतो. हवा भरलेली बाटली चेपून जाईल.

मग पोरांना गणित घातलं. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी ४ सेकंदांनी आला, तर तळ किती खोल? दोघं ६००० म्हणाले. जाऊन-येऊन अंतर विसरले.

तुमच्या मुलांना विचारून बघा. उत्तरं आणि शंका कमेंटमध्ये टाका, जमेल तशी उत्तरं देईन.