बुडत्या कंपनीचे खरेदीखत

जप्तीचा हुकूम निघाल्याची कुणकुण लागली की कर्जदार काय करतो, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. बेलीफ सकाळी यायचा असतो. बैलजोडी रात्रीच मेव्हण्याच्या गोठ्यात जाते आणि बायकोचे डाग माहेरी. कंपन्यांचे संचालक शहरात राहतात, पण माणसाचा स्वभाव तोच. बैलांच्या जागी तिथे गोदामे, यंत्रे, जमीन असते आणि मेव्हण्याच्या जागी बहुधा दुसरी एखादी कंपनी. मोडकळीला आलेल्या कंपनीने अशा वेळी केलेली खरेदी-विक्री कायद्याने टिकते का, हा आपला आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, आमचा आणि कंपन्यांचा काय संबंध? संबंध दोन बाजूंनी येतो. तुमचे दूध, टोमॅटो किंवा द्राक्षे उधारीवर नेणारी कंपनी बुडाली, तर तुम्ही तिचे धनको. उलट, अशा कंपनीची जमीन स्वस्तात मिळते म्हणून तुम्ही घेतलीत, तर तुम्ही खरेदीदार. एकच नियम पहिल्याचे रक्षण करतो आणि दुसऱ्याला अडचणीत आणतो. मात्र एक लक्षात असू द्या. सहकारी साखर कारखाना किंवा दूध संघ ही कंपनी नव्हे. त्यांच्यासाठी सहकाराचा कायदा निराळा आहे. इथे सांगतो आहे ते कंपन्यांपुरतेच.

कंपनी कायमची बंद करून, तिची मालमत्ता विकून, देणेकऱ्यांची देणी भागवायची, याला कायद्यात समापन म्हणतात; बोलण्यात आपण कंपनी गुंडाळली असे म्हणतो. हे काम ज्याच्याकडे सोपवतात तो समापक, म्हणजेच लिक्विडेटर. २०१३ च्या कंपनी कायद्याचे ३३४ वे कलम म्हणते, की समापन सुरू झाल्यानंतर कंपनीच्या मालमत्तेची केलेली कोणतीही विल्हेवाट, न्यायाधिकरणाने वेगळा आदेश दिला नाही तर, रद्दबातल समजावी. १९५६ च्या जुन्या कायद्यात हीच तरतूद ५३६ व्या कलमात होती.

इथवर ऐकून वाटते, की नियम सोपा आहे. खरी मेख आहे ती ‘समापन सुरू झाल्यानंतर’ या शब्दांत. समापन सुरू कधी होते? आदेश होतो त्या दिवशी, असे कोणीही म्हणेल. पण कायदा म्हणतो, नाही. ज्या दिवशी अर्ज सादर झाला त्याच दिवशी ते सुरू झाले असे मानायचे.

आता असे पाहा. एका कंपनीचा कारभार लबाडीने चालला आहे म्हणून ती बंद करावी, असा अर्ज जानेवारीत सादर झाला. मार्चमध्ये तिने तालुक्याच्या गावाजवळचे आपले गोदाम जागेसकट एका शेतकऱ्याला विकले. दुय्यम निबंधकासमोर खरेदीखत नोंदले गेले, मुद्रांक शुल्क भरले, फेरफार झाला, सातबाऱ्यावर नाव लागले. नोव्हेंबरमध्ये न्यायाधिकरणाने कंपनी बंद करण्याचा आदेश दिला. तो आदेश मागे सरकत सरकत जानेवारीला जाऊन भिडतो, आणि मार्चचे खरेदीखत त्याच्या पोटात येते. नोंदणी झाली, सातबारा झाला, म्हणून व्यवहार पक्का झाला, ही आपल्याकडची समजूत इथे लंगडी पडते. मुळात ज्याने द्यायचे त्याचाच हात कायद्याने धरलेला असेल, तर पुढच्या शिक्क्यांनी तो सुटत नाही. अर्ज फेटाळला गेला असता, तर मात्र या नियमाची आडकाठी उरली नसती. म्हणजे मधले आठ-दहा महिने व्यवहार लोंबकळत असतो.

हे कठोर आहे खरे. पण आदेशाच्या दिवसापासून नियम लावला असता तर काय झाले असते? अर्ज आणि आदेश यांमधला काळ म्हणजे बेलीफ येण्याआधीची रात्रच. फरक इतकाच, की ही रात्र महिनोन्महिने चालते. तेवढ्यात गोठा रिकामा झाला असता आणि समापकाच्या हाती नुसत्या वह्या आल्या असत्या. त्यातही दूध घालणारा शेतकरी वाटपाच्या रांगेत पुष्कळ मागे उभा असतो. तारण असलेल्या बँका, कामगारांचे पगार यांच्यानंतर त्याची पाळी. पुढची रास चोरीला गेली, तर त्याच्या सुपात काहीच पडत नाही.

पण ‘न्यायाधिकरणाने वेगळा आदेश दिला नाही तर’ ही सहा शब्दांची सवलत विसरू नका; माझ्या मते सगळ्या कलमाचा जीव तिच्यात आहे. हा नियम मूळचा विलायती, १८६२ च्या इंग्रजी कायद्यातला. १८६८ साली विल्टशायरमधल्या एका लोखंडाच्या कंपनीचा खटला लॉर्ड केर्न्स यांच्यापुढे आला. त्यांनी दाखवून दिले, की नियम आवश्यक आहे, पण नेहमीच्या धंद्यातले प्रामाणिक व्यवहारही त्याने मोडले, तर नुसता अर्ज पडला की कंपनीचा धंदाच लुळा पडेल. मग तो अर्ज खरा असो की खोटा. ते खरेच आहे. अर्ज झाला म्हणून गाईंना पेंड घेऊ नये, कामगारांना पगार देऊ नये, तयार माल विकू नये, असे कसे चालेल?

या ‘रद्दबातल’ शब्दाचा एकाने फारच चतुर उपयोग करून पाहिला. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेला हा खटला. निकाल २००० सालचा. कंपनीने दिलेले धनादेश वटले नाहीत. त्यावर बचाव असा, की आमच्यावर समापनाचा अर्ज झाला आहे, आता पैसे दिले तरी ते देणे कायद्याने रद्दबातल. मग आम्ही द्यावे कसे? न्यायालयाने हे मानले नाही. या कलमातले ‘रद्दबातल’ म्हणजे जन्मतःच मेलेले, असे नव्हे. न्यायालय तो व्यवहार कायम करू शकते, तेव्हा अर्जाची ढाल पुढे करून धनादेशाची जबाबदारी टाळता येणार नाही.

मग आपल्या गोदामवाल्या शेतकऱ्याने काय करायचे? न्यायाधिकरणाकडे जाऊन व्यवहार कायम करावा असा अर्ज करायचा. तिथे त्याला दाखवावे लागेल, की आपण अर्जाची माहिती नसताना, सरळ मनाने घेतले; चालू बाजारभावाने घेतले; आणि मुख्य म्हणजे पैसा कंपनीच्या खात्यात गेला, संचालकाच्या खिशात नव्हे. निम्मे रोख, निम्मे बँकेतून अशी आपल्याकडची रीत इथे गळ्याशी येते. रोख दिलेले कोण कबूल करणार? साठेखत अर्जाच्या आधीचे असेल, तर बाजू मांडायला बळ मिळते. पण साठेखताने मालकी येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

बरे, बैल अर्जाच्याही आधी हलवले असतील तर? कायदा तिथेही मागे वळून पाहतो. अर्जाच्या आधीच्या एका वर्षातले हस्तांतर, ते नेहमीच्या धंद्यातले नसेल, किंवा योग्य मोबदला देऊन प्रामाणिकपणे घेणाऱ्याला दिलेले नसेल, तर समापकापुढे टिकत नाही. सहा महिन्यांच्या आत एखाद्याच धनकोला मुद्दाम झुकते माप दिले असेल, तर तेही उलटवता येते.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेने यात मोठा बदल केला. देणी थकली म्हणून कंपनीवर जायचे, तर आता या संहितेच्या रस्त्याने जावे लागते. अर्ज न्यायाधिकरणाने स्वीकारला, की मालमत्ता हलवण्यावर बंदी येते आणि कारभार संचालकांच्या हातून काढून एका व्यावसायिकाकडे दिला जातो. मागे पाहण्याची मर्यादाही वाढली: परक्याशी व्यवहार असेल तर एक वर्ष, आपल्याच गोतावळ्यातला असेल तर दोन.

जेपी इन्फ्राटेक कंपनीचे प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखे आहे. नॉयडा ते आग्रा हा यमुना द्रुतगती मार्ग बांधणारी ही कंपनी. रस्त्याच्या कडेची, मुळात शेतकऱ्यांकडून संपादन झालेली जमीन तिला विकासासाठी मिळाली होती, आणि हजारो लोकांनी तिथल्या घरांसाठी पैसे भरले होते. ९ ऑगस्ट २०१७ रोजी तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. तेव्हा दिसले, की तिची शेकडो एकर जमीन गहाण पडली आहे, आणि तीही स्वतःच्या कर्जासाठी नव्हे. तिची जननी कंपनी जयप्रकाश असोसिएट्स हिच्या कर्जासाठी! बँकांचे म्हणणे, आम्ही रोख कर्ज दिले, रीतसर गहाणखत करून घेतले, आमचे काय चुकले? २६ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आधीच्या दोन वर्षांतली ही गहाणे म्हणजे जननी कंपनीला दिलेले झुकते माप आहे. ती टिकत नाहीत. लबाडीचा हेतू सिद्ध करण्याचीही गरज नाही, व्यवहाराचा परिणाम पाहायचा. दुसऱ्याच्या कर्जासाठी आपली जमीन गहाण टाकणे हा काही रस्ते आणि घरे बांधणाऱ्या कंपनीचा नेहमीचा धंदा नव्हे, असेही न्यायालयाने म्हटले.

तेव्हा कंपनीकडून जमीन, गोदाम किंवा यंत्र घेताना नुसता सातबारा पाहून थांबू नका. कंपनी निबंधकाच्या दप्तरात कंपनीची स्थिती आणि तिच्या मालमत्तेवरचे बोजे नोंदलेले असतात; ते आता संगणकावर पाहता येतात, आणि गावातल्या शिक्षकांना हे काम अवघड नाही. राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात तिच्यावर काही प्रकरण आहे का, तेही तसेच पाहता येते. आणि तुम्ही धनको असाल, तर वर्तमानपत्रातल्या बारीक टाइपातल्या जाहिरातींवर डोळा ठेवा. कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाल्याची सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते. त्या सूचनेत मागणी नोंदवण्याची मुदत छापलेली असते. दुधाच्या पावत्या आणि मापाच्या चिठ्ठ्या घेऊन त्या मुदतीच्या आत मागणी नोंदवा.