विश्लेषण : परदेशात मुलांकडे गेलेले आई-बाबा आजारी पडले तर...?

उन्हाळा सुरू झाला की मुंबई-पुण्याहून अमेरिकेला निघणाऱ्या आई-बाबांची लगबग वाढते. कुणाच्या मुलीचे बाळंतपण असते, कुणी पहिल्यांदाच मुलाचे घर बघायला निघालेले असते. पर्यटक व्हिसावर सहसा सहा महिन्यांपर्यंतचा मुक्काम मिळतो. बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांची जागा आधी ठरते. औषधांची पिशवी शेवटच्या रात्री भरली जाते आणि विम्याचा अर्ज मुलगा किंवा एजंट परस्पर भरून टाकतो. पुढे दुखणे आले, की अडते ते बहुधा या दोन ठिकाणीच.

इथली गोळी तिथे मिळते का?

नावाने तर नाहीच. टेल्मा, ग्लायकोमेट, इकोस्प्रिन ही इथल्या कंपन्यांची नावे. तिथल्या फार्मासिस्टला ती कळत नाहीत. त्याला टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, अ‍ॅस्पिरिन ही मूळ औषधांची नावे हवीत. त्यातही गंमत अशी, की पॅरासिटामॉलला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात आणि दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल.

खरी अडचण मधुमेहींची. व्हिल्डाग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड, व्होग्लिबोज ही भारतात सर्रास दिली जाणारी औषधे अमेरिकेच्या बाजारात नाहीतच. एकाच गोळीत दोन-तीन औषधे एकत्र करण्याची आपली पद्धतही तिथे तितकी रुळलेली नाही. म्हणजे गोळ्यांची बॅग हरवली, तर तीच गोळी पुन्हा मिळत नाही. तिथल्या डॉक्टरला दाखवून औषधच बदलून घ्यावे लागते. त्यामुळे औषधे हातातल्या बॅगेतच हवीत. इन्सुलिन तर सामानाच्या बॅगेत कधीच टाकू नये, थंडीने ते गोठून निकामी होऊ शकते. शिवाय पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, परतताना आखडतो. प्रवासात इन्सुलिन कधी आणि किती घ्यायचे, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावे.

सोबत किती औषधे नेता येतात?

अमेरिकेत साधारण ९० दिवस पुरतील एवढी, असा संकेत आहे. मुक्काम त्याहून लांब असेल, तर डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीत आजार, औषधाचे मूळ नाव, डोस आणि मुक्कामाचा कालावधी असे सगळे नोंदवून घ्यावे. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात. प्लास्टिकच्या डबीत ओतलेल्या गोळ्या कशाच्या आहेत, हे विमानतळावर सिद्ध करता येत नाही.

दुबई, जपान, सिंगापूरचे नियम याहून कडक आहेत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा वेदनेवरचे ट्रॅमाडॉल अमिरातीत पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाही. जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एक महिन्यापुरतीच चालतात, त्यापुढे आधी अर्ज करून परवाना घ्यावा लागतो. (जाता जाता : अमिरातीत खसखसही बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. दिवाळीला अनारसे नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.)

विम्याच्या अर्जात बीपी-शुगर लिहावे का?

लिहावेच. ‘लिहिले तर हप्ता वाढेल, कशाला सांगता?’ हा सल्ला सर्वांत महागात पडणारा. रुग्णालयात दाखल करताना पहिलाच प्रश्न असतो, कोणती औषधे घेता आणि किती वर्षांपासून? आई-बाबा तिथे खरे तेच सांगतात आणि ते सांगितलेच पाहिजे. तोच कागद पुढे विमा कंपनीकडे जातो. अर्जात ‘नाही’ आणि रुग्णालयात ‘दहा वर्षांपासून’, एवढी तफावत दावा फेटाळायला पुरते.

आजार नोंदवला, म्हणून सगळे मिळेल असेही नाही. अनेक पॉलिसी जुन्या आजारासाठी फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगी आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच पैसे देतात. ‘एक लाख डॉलर’ हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. काही स्वस्त पॉलिसी प्रत्येक तपासणीला, रुग्णालयातील प्रत्येक दिवसाला नेमून दिलेली रक्कमच देतात. बिल त्याच्या कितीही पट असो. त्यामुळे जुन्या आजाराचे कलम आणि ही मर्यादा, एवढे तरी सही करण्याआधी वाचावे. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी निदान ३० हजार युरोंचा विमा सक्तीचाच आहे.

दुखणे आलेच तर कुठे जायचे?

ताप, जुलाब, मुरगळलेला पाय यासाठी अमेरिकेत ‘अर्जंट केअर’ दवाखाने असतात. त्याच दुखण्यासाठी रुग्णालयाच्या इमर्जन्सीत गेले, तर तासन् तास थांबावे लागते आणि बिल कित्येक पट येते. मात्र छातीत दुखणे, बोलताना जीभ अडखळणे, एक हात लुळा पडणे, यात बिलाचा विचार करत बसू नये. थेट ९११ फिरवावा. १९८६ च्या कायद्याने तिथल्या इमर्जन्सी विभागाला रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते, पैसे असोत वा नसोत. बिल मागाहून येतेच. इंग्लंडमध्ये अपघात व तातडीच्या विभागातील उपचार पाहुण्यांनाही मोफत आहेत. पण रुग्णालयात दाखल करून घेतले की सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते.

सर्दी-खोकल्याला दुकानातून औषध आणतानाही लेबल वाचावे. तिथल्या अनेक सर्दीच्या औषधांत अ‍ॅसिटामिनोफेन असतेच. वर घरून नेलेली डोलो घेतली, की दुप्पट मात्रा पोटात जाते आणि भार यकृतावर येतो. नाक मोकळे करणाऱ्या औषधांनी रक्तदाबही वाढू शकतो. अँटिबायोटिक मात्र चिठ्ठीशिवाय मिळणार नाही.

बिल कधी येते?

रुग्णालयातून घरी आल्यावर पाकिटे येऊ लागतात. रुग्णालयाचे वेगळे, डॉक्टरांचे वेगळे, अ‍ॅम्ब्युलन्सचे वेगळे. आई-बाबा पुण्याला परतल्यावरही ती मुलाच्या पत्त्यावर येत राहतात. म्हणून दाखल होतानाच विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून दाव्याचा क्रमांक घ्यावा. तो पॉलिसीवर छापलेला मदत क्रमांक मुलाबरोबरच आई-बाबांच्या फोनमध्येही असावा, कारण मुलगा ऑफिसात असताना घरी ते दोघेच असतात.