व्हीएआर म्हणजे काय? गोल झाला तरी लगेच ओरडू नका!

11 जून 2024, दोहा. वर्ल्ड कप पात्रता फेरीत भारत कतारविरुद्ध 1-0 ने पुढे होता. जिंकलो असतो तर थेट तिसऱ्या फेरीत. पण 73 व्या मिनिटाला बॉल गोललाइनच्या बाहेर गेला, कतारच्या खेळाडूने तो मागे ओढला आणि युसुफ आयमेनने गोल मारला. रेफरीने गोल दिला! शेवटी भारत 2-1 ने हरला आणि बाहेर पडला.

गंमत बघा, रत्नागिरीत मारुती मंदिरला उभं राहून मोबाइलवर मॅच बघणाऱ्यालाही रिप्लेमध्ये बॉल बाहेर गेलेला दिसत होता. मैदानावरच्या रेफरीकडे मात्र तो रिप्ले बघायची सोयच नव्हती. कारण त्या मॅचला व्हीएआर नव्हतं.

व्हीएआर कसं काम करतं?

व्हीएआर म्हणजे व्हिडिओ असिस्टंट रेफरी. ही एक माणसांची टीम असते. वेगळ्या खोलीत बसून ही टीम सगळ्या कॅमेऱ्यांचं फुटेज तपासते आणि रेफरीच्या कानातल्या इअरपीसवर त्याच्याशी बोलते. 2018 मध्ये फुटबॉलच्या नियमांत याला मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी रशियातल्या वर्ल्ड कपमध्ये ते वापरलं गेलं.

व्हीएआर मुख्यतः चार गोष्टींत लक्ष घालतं:

- गोल बरोबर आहे का?
- पेनल्टी द्यायची की नाही?
- थेट रेड कार्ड
- कार्ड चुकीच्या खेळाडूला दाखवलं का?

क्रिकेटच्या डीआरएससारखा रिव्ह्यू इथे कॅप्टनला मागता येत नाही. चूक ढळढळीत असेल तरच टीम रेफरीला सांगते. मग रेफरी हाताने हवेत टीव्हीचा चौकोन काढतो, गरज वाटली तर मैदानाच्या कडेच्या स्क्रीनवर जाऊन बघतो. शेवटचा निर्णय त्याचाच.

ऑफसाइडसाठी आता आणखी पुढची टेक्नॉलॉजी आली आहे. 2022 च्या कतार वर्ल्ड कपमध्ये स्टेडियमच्या छताखालचे 12 कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे 29 पॉइंट सेकंदाला 50 वेळा टिपत होते. बॉलमधला सेन्सर तर सेकंदाला 500 वेळा डेटा पाठवत होता!

मग लोक वैतागतात कशाला?

कारण गोल झाल्याचा तो एक क्षण आता दोन भागांत येतो. आधी जल्लोष, मग "थांबा, चेकिंग चालू आहे". आणि सगळ्यात कमी माहिती असते ती तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला. घरच्या प्रेक्षकाला रिप्ले दिसतो, ऑफसाइडची रेघ दिसते, कॉमेंट्री ऐकू येते. स्टेडियममधला माणूस रेफरीच्या कानावरच्या हाताकडे बघत बसतो. म्हणूनच 2023 च्या महिला वर्ल्ड कपमध्ये रेफरीने माइकवरून निर्णय जाहीर केले.

कोकणातल्या प्रेक्षकाला व्हीएआरची मॅच स्टेडियममध्ये बघायची संधी फार लांब नव्हती. ऑक्टोबर 2022 मधल्या 17 वर्षांखालील महिला वर्ल्ड कपमध्ये व्हीएआर होतं. सेमीफायनल मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर झाल्या, तर फायनल नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. कोकण रेल्वेने गेलं तर रत्नागिरी दोन्हींच्या मधे! पण याच फातोर्डावर एफसी गोवाची आयएसएल मॅच बघायला गेलात तर चित्र वेगळं. 2024-25 च्या हंगामापर्यंत आयएसएलमध्ये व्हीएआर आलेलं नव्हतं.

मुख्य अडचण खर्चाची. जास्त कॅमेरे, ट्रेनिंग घेतलेले रेफरी, वेगळी खोली, भरवशाचं नेटवर्क, हे सगळं लागतं. यावर फिफाने 2024 मध्ये एक स्वस्त पर्याय वापरून पाहिला, फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट. यात मोजके कॅमेरे पुरतात, वेगळी टीम लागत नाही. कोच मॅचमध्ये दोनदा रिव्ह्यू मागू शकतो आणि रेफरी स्वतः स्क्रीनवर बघतो. आपल्याकडच्या लीगसाठी हा मार्ग जास्त जमण्यासारखा वाटतो.

मोबाइलवर बघताना हे लक्षात ठेवा

- स्ट्रीमिंगमध्ये व्हिडिओ छोट्या तुकड्यांत येतो आणि आधी थोडा साठवला जातो. त्यामुळे तुम्ही मैदानाच्या काही सेकंद मागे असता. स्कोअर ॲपचं नोटिफिकेशन आधी येऊन मजा घालवतं. मॅचपुरतं ते बंद ठेवा. ग्रुपही म्यूट करा.
- ॲपवर "गोल" आला म्हणजे पक्का नाही. चेकिंगनंतर तो रद्द होऊ शकतो.
- लाइनमन झेंडा उशिरा वर करत असेल तर तो झोपलेला नाही. गोलची संधी असेल तर मूव्ह पूर्ण होईपर्यंत थांबायचं, अशी त्याला सूचना असते.
- रेफरीचा हात कानावर गेला की समजा, चेकिंग चालू आहे.

व्हीएआर आलं म्हणून वाद संपत नाहीत. हँडबॉल होता की नव्हता यावर स्लो मोशन बघूनही दोन मित्रांची दोन मतं असतातच. पण बॉल रेषेबाहेर गेला की नाही, हा मताचा प्रश्न नाही. दोहात तेवढं एक चेकिंग झालं असतं, तर आपण मिनिटभर खुशाल थांबलो असतो.