बोट मधेच बंद पडली? झाकण नंतर उघडा!

तारकर्लीत पर्यटकांसाठी बोट घ्यायचा विचार करताय ना? मग हे आधी शिका, कारण भर पाण्यात मेकॅनिक येत नाही.

आऊटबोर्ड अचानक बंद पडलं, बोटीत पाहुणे. पहिल्यांदा नांगर टाका, नाहीतर बोट खडकाकडे वाहत जाईल. मग आठवा, इंजिन बंद कसं पडलं?

खटकन पडलं तर किल स्विचची दोरी बघा. कुणाचा तरी पाय लागून निघालेली असते! गचके देत पडलं, तर पेट्रोल. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला असेल तर पेट्रोल ओढलंच जात नाही. नळीवरचा रबरी फुगा चपटा पडतो. फिल्टरच्या तळाशी पाणीही दिसू शकतं.

इंजिनातून पडणारी पाण्याची धार थांबली होती? मग पुन्हा स्टार्ट मारू नका. थंड पाणी पोचत नाहीये: प्लास्टिकची पिशवी अडकलीय, नाहीतर इंपेलर गेलाय. इंपेलर बदलणं परवडतं. पिस्टन जाम झाला तर सीझन गेला.