गॅरेजमधील अनाहूत प्राणी : आधी ओळख, मग उपाय

चेन्नई शहरात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. बिळांत पाणी शिरले की त्यांतील प्राणी कोरड्या जागेच्या शोधात निघतात. घरालगतचे गॅरेज त्यांना फार सोयीचे पडते. तेथे अंधार असतो, माणसांची वर्दळ थोडी असते, आणि जुनी खोकी व पोती यांचा आयता आडोसाही मिळतो. अशा वेळी पुष्कळ लोक सरसकट विष टाकून मोकळे होतात. परंतु आलेला प्राणी कोणता, हे ठरविल्यावाचून केलेला उपाय अनेकदा वाया जातो.

प्राणी दृष्टीस पडला नाही, तरी त्याच्या खुणा दिसतात. घरातील लहान उंदराच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात; मोठ्या उंदराच्या १२ मिलिमीटर किंवा त्याहून लांब असतात. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. त्यामुळे तो लाकूड व मोटारीच्या तारांवरील वेष्टनही कुरतडतो.

घूस जमिनीखालून येते. फरशीच्या कडेला ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग दिसल्यास तिचा संशय घ्यावा. तिचे इंग्रजी नाव ‘बँडिकूट’ हे तेलुगू ‘पंदिकोक्कु’ म्हणजे ‘डुक्कर-उंदीर’ या शब्दावरून आले आहे.

चिचुंद्री मात्र उंदरांच्या गणातील नव्हे. लांब निमुळते तोंड, बारीक डोळे व उग्र दर्प यांवरून ती ओळखू येते. तमिळमध्ये तिला ‘मूंजूरु’ म्हणतात व तिला विनायकाचे वाहन मानतात. ती मुख्यतः झुरळे, रातकिडे असे कीटक खाते. तारा कुरतडणे हा तिचा धर्म नव्हे. तिला विष घालून मारल्यास तारा कुरतडणारा उंदीर तसाच राहतो आणि झुरळांचा एक शत्रू मात्र कमी होतो.

उपायाचा आरंभ अन्न व आडोसा दूर करण्यापासून करावा. धान्य आणि जनावरांचे खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवावे. बिळाच्या तोंडाशी कागदाचा बोळा सैलसर बसवावा; तो काही रात्री जागचा न हलल्यास बीळ रिकामे समजून सिमेंटने बुजवावे. लहान उंदीर सुमारे ६ मिलिमीटरच्या फटीतूनही शिरतो, म्हणून झरोक्यांना त्याहून बारीक जाळी लावावी. उरलेल्या उंदरांसाठी भिंतीलगत सापळे मांडावेत. विष खाऊन मेलेला उंदीर घुबडाच्या किंवा मांजराच्या पोटात गेल्यास त्यांनाही विषबाधा होऊ शकते.

या प्राण्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू बाहेर पडू शकतात आणि साचलेल्या पाण्यातून माणसाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. म्हणून लेंड्या कोरड्या झाडू नयेत. रबरी हातमोजे घालून त्यांवर ब्लीच मिसळलेले पाणी शिंपडावे व थोड्या वेळाने त्या पुसून घ्याव्यात. पुराच्या पाण्यात वावरल्यानंतर ताप आल्यास डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे.

उंदरांमागून साप येणे हेही स्वाभाविक आहे. धामण बिनविषारी असून उंदीर खाते. पण दिसण्यावरून खात्री करण्याचे धाडस करू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यान्वये सापांना संरक्षण आहे. त्या कायद्यानंतर कातड्यांचा व्यापार बंद पडल्यावर चेन्नईजवळच्या इरुळा जमातीच्या सर्पमित्रांनी १९७८ मध्ये सहकारी संस्था स्थापन केली. ही संस्था सापांचे विष काढून प्रतिविषाच्या निर्मितीसाठी पुरविते. गॅरेजमध्ये साप दिसल्यास दूर उभे राहावे, मुलांना आवरावे आणि वन खात्यास कळवावे.