परमुलखातल्या दोन आया

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. चाकणच्या एका मोटार कंपनीत काम करणाऱ्या आमच्या एका कार्यकर्त्याचा फोन आला. त्याच्या जर्मन साहेबाच्या पत्नीला जुन्नरची लेणी पाहायची होती आणि माहिती सांगणारे कोणीतरी हवे होते. कोर्टाला सुट्टी होती, मी होकार दिला. बाई दोन लेकरांना घेऊन आल्या. मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. मुलाला पोटाशी कापडात बांधून त्या लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढल्या. साहेबाची बायको म्हटल्यावर मूल आयाच्या कडेवर असणार, ही आपली समजूत त्यांनी पहिल्याच टप्प्यावर मोडली.

वर लेण्यांत बसल्यावर मी त्यांना जुन्नरच्या शिलालेखांविषयी सांगितले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरांत भिक्खू संघासाठी दान देणाऱ्यांत तीन यवन, म्हणजे पश्चिमेकडून आलेले परदेशी होते. इरिल याने पाण्याची दोन टाकी खोदून दिली, चिट याने संघाला भोजनमंडप दिला आणि चंद याने लेण्याच्या दर्शनी भागासाठी दान दिले. पहिल्या दोघांच्या नावापुढे 'गत' असा शब्द आहे. स्टेन कोनो या अभ्यासकाने १९१२ साली तर्क मांडला होता की हे 'गत' म्हणजे युरोपातील गॉथ, म्हणजे जर्मन वंशाचेच लोक असावेत. हा तर्क सर्वमान्य नाही, पण बाईंना तो ऐकून गंमत वाटली. बाबासाहेबांनी १९२१ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते, हेही त्यांना ठाऊक नव्हते.

मग त्या स्वतःच्या संसाराविषयी बोलू लागल्या. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्यात आल्या. पहिले वर्ष फार एकटेपणाचे गेले. पाणी उकळायचे, डासांपासून मुलांना जपायचे, ताप आला की भाषा न येणाऱ्या शहरात रात्री डॉक्टर शोधायचा. आजी भेटते ती मोबाईलच्या पडद्यावर. मुलगी घरकामाच्या मावशींकडून 'पाणी' आणि 'चल' शिकली, पण जर्मन विसरू नये म्हणून रोज रात्री तिला जर्मन गोष्ट वाचून दाखवावी लागते. रस्त्यात अनोळखी माणसे मुलांचे गाल ओढतात, फोटो काढतात. आधी राग यायचा, आता कळते की ती माया आहे. मी विचारले, "तुमची नोकरी?" त्या म्हणाल्या, "आहे ना. धाकट्याच्या जन्मानंतर रजेवर आहे. तीन वर्षांपर्यंत कायद्याने ती माझीच राहते."

हे शेवटचे वाक्य मी मनात टिपून ठेवले. त्यांचा एकटेपणा खरा होता, तो मी हसण्यावारी नेणार नाही. पण त्यांचा देश साडेसहा हजार किलोमीटर अंतरावरूनही त्यांच्या पाठीशी उभा होता.

परतताना नारायणगाव सोडून आम्ही मंचरकडे निघालो. रस्त्याच्या कडेला उसाचा फड चालू होता. बाईंच्या मुलीने उसाच्या बांधावर, बाभळीला बांधलेल्या झोळीतले बाळ पाहिले आणि गाडी थांबवायचा हट्ट धरला. झोळीला झोका देत सात-आठ वर्षांची एक पोर बसली होती. आम्ही उतरलेले पाहून तिची आई कोयता खाली टाकून धावत आली. बाळाला कोणी काही करते की काय, हीच तिची पहिली भीती. मी ओळख दिल्यावर ती निवली.

"कोन्या गावच्या ह्या बाई?" तिने विचारले.

"जर्मनीच्या, ताई."

"लई लांब हाय का?"

"विमानाने आठ-नऊ तास."

"मंग आमच्यापरीस जवळच म्हना की. आमाला पाटोद्याहून टरकात यायला सबंद रात गेली."

मी हे भाषांतर करून सांगितले तेव्हा दोघीही हसल्या. मग जर्मन बाईंनी अगदी साधा प्रश्न विचारला, "या मुलांची बालवाडी कुठे आहे?" मी तो मराठीत विचारला. ताई म्हणाल्या, "ही काय, समदा ऊसच बालवाडी." मोठ्या पोरीच्या शाळेचे विचारले तर म्हणाल्या, "गावाकडं नाव हाय तिचं."

गावाकडे नाव आहे आणि पोर इथे आहे. वीस वर्षे वकिली करूनही त्या परदेशी बाईंच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन कायद्याची पुस्तके काढून बसलो, तेव्हा हा लेख सुचला.

जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत. डिंभे, येडगाव, माणिकडोह या धरणांच्या पाण्यावर हा टापू हिरवा झाला. तो ऊस तोडायला दसरा-दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. त्यांत आपले बौद्ध बांधव आहेत, मातंग आहेत, वंजारी, बंजारा आणि भिल्लही आहेत. मी पुढे जे लिहितो ते कोणा एका कारखान्याचे नाही. कोल्हापूर-सांगलीपासून नगरपर्यंत चित्र सारखेच आहे.

हिशोबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाची उचल त्या जोडीच्या नावावर असते. बाई पहाटे तीन-चारला उठते, पाणी आणते, भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडावर जाते. पाचट आणि वाढ्यांच्या कोपीला दार नसते, म्हणून लेकरू सोबतच न्यावे लागते. नवरा तोडतो, बाई मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत भरते. त्यातच बाळाला पाजते. बाळ आजारी म्हणून एक दिवस बसली तर 'खाडा' पडतो आणि मजुरी मिळणे दूरच, उलट दंड कापला जातो. बाळंतपणाला रजा नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड महिलांची गर्भाशये काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आले की पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाली होती.

त्यात हा बिबट्याचा मुलूख. इथले बिबटे उसातच वितात आणि उसातच वाढतात. तोडणी सुरू झाली की फडात बछडी सापडतात. मग वनखात्याला फोन जातो, माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातून माणसे येतात, बछडी तपासतात आणि रात्री पेटीत ठेवून त्यांची आई त्यांना घेऊन जाईपर्यंत पहारा देतात. हे काम चांगलेच आहे, मी त्याला नावे ठेवत नाही. पण त्याच फडाच्या बांधावर झोळीत माणसाचे पिल्लू असते. बिबट्याच्या पिल्लाला आई मिळवून देणारी व्यवस्था आहे, ऊसतोड बाईच्या पिल्लावर दिवसभर लक्ष ठेवणारे कोण आहे? आठ वर्षांची बहीण. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले आणि लोकांनी रस्ते अडवले. दिवसभर उसाच्या कडेला बसणाऱ्या त्या पोरीचा विचार तेव्हा किती जणांनी केला?

आता कायदा पाहू. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा 'आंतरराज्य' कामगारांसाठी होता. नव्या संहितेत तो विलीन झाला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली, पण 'आंतरराज्य' हा शब्द तसाच राहिला. पाटोद्याची बाई आंबेगावात आली तर ती राज्याची सीमा ओलांडत नाही, म्हणून या कायद्याच्या व्याख्येत ती बसतच नाही. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तर पाळणाघर द्यावे, अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आली आणि आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. पण मोजायचे कोणाला? कारखाना म्हणतो, हे मुकादमाचे मजूर. मुकादमाच्या टोळीत दहा-बारा कोयते, म्हणजे वीस-पंचवीस माणसे. कारखान्याच्या दारात हजारो आणि कायद्याच्या हिशोबात पन्नासही नाहीत!

साखरशाळा निघाल्या होत्या, पण शिक्षण हक्क कायद्यानंतर त्या बंद होत गेल्या. गावाकडे हंगामी वसतिगृहे झाली, २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही आली. मोठ्या मुलांसाठी ते योग्यच आहे. पण दीड वर्षाचे मूल आईला सोडून कोणत्या वसतिगृहात राहील?

असे असले तरी कायद्यात काहीच नाही असे समजू नका. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ९ नुसार स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक बालकाला जवळच्या अंगणवाडीत मोफत आहाराचा हक्क दिला आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश सांगतो की ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. कारखान्याच्या तळावर कोप्यांची मोठी वस्ती पडते. तिथली मुले कोणी मोजली आहेत काय? हंगाम पाच-सहा महिन्यांचाच असतो. अर्ज उशिरा गेला तर तीन महिने सरकारी टेबलावरच संपतात.

जर्मनीतील बाईला हे हक्क कोणा देवाने दिले नाहीत. फ्रोबेलने तिथे १८४० साली बालोद्यान काढले. बाळंतपणाआधी आणि नंतर संरक्षण देणारा कायदा पश्चिम जर्मनीत १९५२ साली झाला. एक वर्षाच्या मुलाला बालसंगोपन केंद्रात जागा मिळण्याचा हक्क तर २०१३ सालचा आहे. पिढ्यान् पिढ्या कामगारांनी आणि स्त्रियांनी लढून तो मिळवला.

आपल्याकडेही हा विचार उशिरा आलेला नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेब कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे आणि त्याचा भार सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे मजूरमंत्री म्हणून खाणकामगार स्त्रियांसाठी त्यांनी प्रसूती लाभाची दुरुस्ती विधेयके आणली. १९२८ च्या त्या भाषणाआधी दोनच वर्षे, १९२६ साली, राजरत्न गेला होता. रमाईने चार लेकरे गमावली. उपाशीपोटी लेकरे वाढवणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

म्हणून जुन्नर-आंबेगावच्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. आपण दर रविवारी विहारात बसतो, लेण्यांवर सहली नेतो, यवनांच्या दानाच्या गोष्टी अभिमानाने सांगतो. पाण्याची दोन टाकी देणारा तो इरिल इथे परकाच होता. आज आपल्या शिवारात परकी म्हणून राहते ती आपल्याच राज्यातली लेकुरवाळी बाई. येत्या दिवाळीनंतर कोप्या उभ्या राहिल्या की पहिल्याच रविवारी वही-पेन घेऊन तळावर जा. जात विचारू नका, लेकरांचे वय विचारा. सहा वर्षांखालची मुले ४० भरली तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे अंगणवाडीची मागणी करा आणि पोहोच घ्या. त्याहून कमी असतील तर हाताला धरून जवळच्या अंगणवाडीत न्या. सहाच्या वरची असतील तर जिल्हा परिषदेच्या शाळेत न्या आणि मुख्याध्यापकांनी नाही म्हटले तर ते लेखी मागा. महिला मंडळाच्या भगिनी या कामात पुढे असतील तर आई लेकरू विश्वासाने सोपवील.

अर्जाचा नमुना मी तयार करून ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी तो माझ्याकडून घेऊन जावा, फी लागणार नाही. जर्मन बाई अजून पुण्यातच आहेत. पुन्हा भेटल्या तर तोच प्रश्न विचारतील. त्या वेळी मला एका तरी तळाचे नाव सांगता आले पाहिजे.

जयभीम!